माफी कुणाच्या वाट्याची?

तामिळनाडूतल्या श्रीपेरुंबुदूरच्या राजीव गांधी स्मारकात सात उंच दगडी खांब आहेत. धर्म, सत्य, न्याय, विज्ञान, त्याग, शांती, समृद्धी अशी सात मूल्यं त्यांना वाटून दिलेली. २००३ साली राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते स्मारकाचं उद्घाटन झालं. मामांनी खांबांची नावं दोनदा वाचली आणि म्हणाले, "यात क्षमा नाही." ताई म्हणाली, "न्याय आहे ना? मग झालं." वादाला तेवढं निमित्त पुरलं.

मामा नगर जिल्ह्यातल्या मंडळ्यांमधून पाळक म्हणून निवृत्त झालेले. ताई पुण्यात वकील. फौजदारी खटल्यांत सरकारी वकिलांशेजारी बसून, ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांची बाजू लावून धरणं हे तिचं काम. माझी नोकरी इथून जवळ ओरगडमला, म्हणून नाताळानंतर दोघं माझ्याकडे आले होते. पुढचं बोलणं त्यांचं आहे. जिथं गप्प बसवलं नाही तिथं मी तोंड घातलंय.

२१ मे १९९१ च्या रात्री दहानंतर इथल्या प्रचारसभेच्या मैदानावर लिट्टे या श्रीलंकेतल्या तमिळ बंडखोर संघटनेची धनू नावाची तरुणी चंदनाचा हार घेऊन राजीव गांधींसमोर वाकली आणि तिनं कमरेचा स्फोटक पट्टा उडवला. राजीव गेले, त्यांच्याबरोबर आणखी डझनाहून जास्त माणसं गेली. हरिबाबू हा छायाचित्रकार मेला, पण त्याचा कॅमेरा शाबूत राहिला आणि त्यातल्या चित्रांवरून तपासाला वाट सापडली. खटल्याच्या न्यायालयानं १९९८ मध्ये सगळ्या २६ आरोपींना फाशी सुनावली. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानं त्यांतल्या १९ जणांना सोडून दिलं, चौघांची फाशी कायम ठेवली, तिघांना जन्मठेप दिली. त्या चौघांत एक बाई होती, नलिनी.

मामा : खांब नसेना का, क्षमा याच जागेवरून निघाली की नाही? नलिनीला मूल झालं ते कैदेत. सोनिया गांधींनीच सांगितलं, हिला फाशी नको. २००० साली फाशीची जन्मठेप झाली. मग १९ मार्च २००८ ला प्रियांका एकटी वेल्लोरच्या तुरुंगात जाऊन तिच्यासमोर बसली. गाजावाजा नाही, फोटो नाही. बातमी फुटली ती नंतर. आणि राहुल गांधी २०१८ मध्ये सिंगापुरात म्हणाले, आम्ही दोघांनी पूर्ण माफ केलंय. बापाला मारणाऱ्यांना. मी चाळीस वर्षं उपदेश केले बाई, एवढं मोठं उदाहरण मला माझ्या मंडळीत दाखवता आलं नाही.

ताई : मोठंच आहे. पण माप नीट घेऊ या. त्यांनी माफ केलं ते त्यांच्या वाट्याचं. त्या रात्री ड्यूटीवरचे पोलीस मेले, कार्यकर्ते मेले. राजीव गांधींना कविता म्हणून दाखवायला आलेली एक शाळकरी मुलगी मेली, तिची आईही मेली. त्या मुलीच्या वाट्याची माफी दिल्लीतून कशी देणार? जखमी झालेल्या एक महिला पोलीस अधिकारी सुटकेच्या विरोधात शेवटपर्यंत बोलत राहिल्या. त्या क्रूर आणि गांधी दयाळू, असं म्हणायचं का?

मामा : मी तसं म्हटलं नाही.

ताई : तुम्ही नाही म्हटलं. पण व्यासपीठावरून तसंच ऐकू जातं. कुणी एक मोठा माणूस माफ करतो आणि बाकीचे आपोआप कोत्या मनाचे ठरतात.

मामा : बरं, मग प्रभूचाच दाखला घे. पेत्र विचारतो, भावाला किती वेळा क्षमा करू, सात वेळा? उत्तरात येशू गोष्ट सांगतो. एका चाकरावर राजाचं दहा हजार तालांतांचं कर्ज. एक तालांत म्हणजे सहा हजार दिनार आणि दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. आता कर हिशेब. दीड लाख वर्षं राबला तरी फिटणार नाही. राजा ते सोडतो. तोच चाकर बाहेर येऊन शंभर दिनारांसाठी दुसऱ्याचा गळा धरतो. पुष्कळ जण समजतात की शंभर दिनार म्हणजे चिल्लर. चिल्लर कसली, मजुराची तीन-चार महिन्यांची कमाई आहे ती. म्हणजे प्रभूला ठाऊक आहे की तुझं खरंच नुकसान झालंय. तो एवढंच म्हणतो की तुलाही सोडलेलं आहे, ते विसरू नकोस.

ताई : मामा, त्या गोष्टीत राजानं सोडलं ते स्वतःचं येणं. तिसऱ्याचं येणं कुणीच कुणाला सोडत नाही. आणि तुम्ही एक पात्र नेहमी गाळता. बाकीचे चाकर. त्यांनी तो गळा धरलेला पाहिला, त्यांना वाईट वाटलं आणि त्यांनी जाऊन राजाला सगळं सांगितलं. सरळ फिर्याद झाली ही! येशू त्यांना म्हणत नाही की तुम्ही गप्प बसायला हवं होतं. राजा त्या फिर्यादीवर कारवाई करतो.

मामा हसले. तो दाखला त्यांनी किती वेळा वाचून दाखवला असेल, त्याला गणती नाही; त्या चाकरांना फिर्यादी कुणी केलं नव्हतं, असं ते म्हणाले आणि लगेच पुढचं उदाहरण काढलं.

मामा : मग ग्लॅडिस स्टेन्सचं काय? जानेवारी १९९९, ओडिशातलं मनोहरपूर. नवरा आणि दोन लहान मुलगे गाडीत झोपलेले, जमावानं गाडीच पेटवली. नवरा तिथं कुष्ठरोग्यांची सेवा करत होता. ही बाई म्हणाली, मी क्षमा केली. आणि तेच काम सांभाळत मुलीला घेऊन ती पुढची काही वर्षं तिथंच राहिली.

ताई : ग्लॅडिस स्टेन्स माझी साक्षीदार आहे, तुमची नाही. ती म्हणाली, मी क्षमा केली आणि कायदा त्याचं काम करील. दोन्ही वाक्यं एकाच तोंडची. दारा सिंगवर खटला चालला, फाशी सुनावली गेली, उच्च न्यायालयानं तिची जन्मठेप केली आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम ठेवली. ग्लॅडिसच्या क्षमेमुळं एकही तारीख रद्द झाली नाही.

मामा : अगं, मग आपण भांडतोय कशावर? पौल रोमकरांना हेच लिहितो. बाराव्या अध्यायात सांगतो, सूड घेऊ नका, तो देवावर सोपवा, शत्रू भुकेला असेल तर जेवू घाला. लगेच तेराव्यात सांगतो, राज्यकर्त्याच्या हातातली तलवार उगीच नाही. माणसानं सूड सोडायचा, राज्यानं न्याय सोडायचा नाही.

ताई : पौल खुद्द काय करतो तेही सांगा ना. फिलिप्पैत त्याला खटल्याशिवाय फटके मारून कोठडीत टाकतात. मध्यरात्री भूकंप होतो, दारं उघडतात, कैदी पळाले असं समजून तुरुंगाधिकारी जीव द्यायला निघतो. पौल त्याला वाचवतो. इथपर्यंत तुम्ही सांगता. सकाळी अधिकाऱ्यांचा निरोप येतो, सोडलंय, जा. पौल म्हणतो, नाही जात. आम्ही रोमी नागरिक, आम्हाला चौकशीविना चारचौघांत मारलंत आणि आता गुपचूप बाहेर काढता? ज्यांनी हे केलं त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावं. आणि ते येतात, विनवण्या करतात. तुरुंगाधिकाऱ्यावर दया आणि अधिकाऱ्यांकडून जाब, एकाच रात्रीत. हा उपदेश मी आजवर एकाही मंडळीत ऐकलेला नाही.

इथं मला राहवलं नाही. क्षमा आणि न्याय शेजारी नांदू शकतात यावर दोघांचं एकमत दिसत होतं, पण नलिनी आणि बाकीचे सुटले ते या दोहोंपैकी कशामुळं? मी तारखा काढल्या. २००० मध्ये राज्य मंत्रिमंडळाच्या शिफारशीवरून राज्यपाल फातिमा बीवींनी नलिनीची फाशी रद्द केली. मुरुगन, संथान आणि पेरारिवलन या उरलेल्या तिघांची नाही. त्यांचे दयेचे अर्ज राष्ट्रपतींकडे अकरा वर्षं पडून राहिले आणि त्या दिरंगाईपायीच १८ फेब्रुवारी २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली. दुसऱ्याच दिवशी मुख्यमंत्री जयललितांनी सातही जणांना सोडण्याचं जाहीर केलं. निवडणूक तोंडावर होती, हे वेगळं सांगायला नको. ते अडकलं. २०१८ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं पुन्हा शिफारस केली. राज्यपाल होते नागपूरचे बनवारीलाल पुरोहित. त्यांनी दोन वर्षांहून अधिक काळ काहीच ठरवलं नाही आणि मग प्रकरण राष्ट्रपतींकडे ढकललं. शेवटी न्यायालयानं घटनेच्या १४२ व्या कलमाखाली १८ मे २०२२ ला पेरारिवलनला आणि ११ नोव्हेंबरला उरलेल्या सहा जणांना सोडलं. या सगळ्या प्रवासात क्षमा कुठं आहे? दिरंगाई आहे, राजकारण आहे, कागद आहेत.

मामा : एक जागा आहे. न्यायमूर्ती के. टी. थॉमस. १९९९ च्या निकालाचं खंडपीठ त्यांच्या अध्यक्षतेखालचं. नलिनीला फाशी नको, असं त्यांनी तेव्हाच वेगळं मत लिहिलं. बाकीच्या दोघा न्यायमूर्तींपुढं ते एकटे पडले. निवृत्त झाल्यावर २०१७ मध्ये त्यांनीच सोनिया गांधींना पत्र लिहिलं की या कैद्यांबाबत मोठं मन दाखवा. ख्रिस्ती माणूस. आपणच शिक्षा दिली आणि आपणच दया मागितली.

ताई : त्या पत्रात त्यांनी दाखला कुणाचा दिला ते आठवतं?

मामा : गोपाळ गोडसेचा.

ताई : हं. गांधीहत्येचा कैदी १९६४ मध्ये सुटला, मग हे का नकोत? बरोबर. पण पुढचं पुण्याला विचारा. त्या नोव्हेंबरात सुटकेचा सत्कार झाला, सत्यविनायकाची पूजा झाली. ग. वि. केतकर तिथं बोलून गेले की कटाची कुणकुण आपल्याला आधीच होती. त्यावरूनच पुढं चौकशीसाठी कपूर आयोग नेमावा लागला. महात्मा गांधींच्या मुलांनी, मणिलाल आणि रामदासांनी, नथुरामला फाशी देऊ नका असं सांगितलं होतं. त्या दयेचं पुण्यात काय झालं? हार झाला. कैदी सोडायला माझी हरकत नाही. हार घालायला आहे.

मामा : पेरारिवलनला मुख्यमंत्र्यांनी मिठी मारली, ते तुला खटकलं तर.

ताई : दुसऱ्या दिवशी काँग्रेसचे कार्यकर्ते तोंडाला पांढरं कापड बांधून रस्त्यात बसले. ते मला समजलं.

मामा : पण तो पोरगा एकोणीस वर्षांचा होता, बाई. दोन बॅटऱ्या घेऊन दिल्या हा आरोप. त्या बॅटऱ्या कशासाठी आहेत हे आपल्याला माहीत नव्हतं, असं तो म्हणाला होता, आणि जबाब लिहिणाऱ्या अधिकाऱ्यानं ते वाक्य गाळलं. हे त्या अधिकाऱ्यानंच २०१३ मध्ये कबूल केलं. आई, अर्पुतम्माळ, तीस वर्षं दारोदार फिरली.

ताई : मग हा क्षमेचा विषयच राहत नाही! त्याला ठाऊक नसेल तर त्याला कुणाच्या माफीची गरज नाही. उलट त्याचीच माफी मागायला हवी. नेमकं हेच मला खुपतं. न्यायात चूक झाली की आपण तिच्यावर दयेचं पांघरूण टाकतो. राज्यानं "चुकलो" म्हणायच्या जागी "सोडलं" म्हणायचं, आणि लोकांनी त्याला मोठं मन म्हणायचं.

हे मला पटलं. गांधी कुटुंबानं माफ केलं आणि त्यांच्याच पक्षानं २०२२ मध्ये सुटकेला विरोध केला, त्यावर लोक ढोंग म्हणून हसले होते. मला त्यात ढोंग दिसत नाही. कुटुंब आपल्या माणसापुरतं बोलू शकतं. पक्षाच्या मागं त्या रात्री मेलेले बाकीचेही उभे होते. त्यांच्या वतीनं माफ करायचा अधिकार त्याला नव्हता. पक्षानं तो विरोध इतक्या शुद्ध हेतूनं केला असेल असं मात्र मी म्हणणार नाही.

जेवून आम्ही आदिकेशव पेरुमाळच्या देवळावरून गेलो. हे रामानुजाचार्यांचं जन्मगाव. मामांना त्यांच्याविषयी आदर. सगळ्यांना मोक्ष मिळत असेल तर आपण नरकात जाऊ म्हणून गोपुरावर चढून गुप्त मंत्र ओरडून सांगणारा माणूस, असं ते त्यांचं वर्णन करतात. रामानुजांच्या अनुयायांत पुढं दोन फळ्या पडल्या त्या कृपेवरूनच. वडकलई म्हणतात, माकडीण पिलाला नेते तेव्हा पिलानंही घट्ट धरायला हवं. तेंगलई म्हणतात, मांजर पिलाला तोंडात धरून नेतं, पिलाला काहीच करावं लागत नाही. मी म्हटलं, मामा तेंगलई, ताई वडकलई. ताईला ते आवडलं. मामांना नाही.

मामा : देवाची कृपा आधी येते, पश्चात्ताप मागून. जकातदार जक्कयाकडे येशू आधी जेवायला जातो. तो चौपट परत करायचं म्हणतो ते नंतर.

ताई : पण म्हणतो ना? अर्धी मालमत्ता गरिबांना, लुबाडलेलं चौपट परत. आणि गावातल्या लुबाडलेल्या माणसांना येशू सांगत नाही की याच्या घरी मी जेवलोय, आता तुमचं येणं विसरा. मामा, तुमचा सगळा उपदेश मला एकाच ठिकाणी अडखळतो. खर्डा. २०१४, आपल्याच जिल्ह्यात. सतरा वर्षांचं दलित पोरगं मारून टाकलं. साक्षीदार एकेक करून फिरले आणि २०१७ मध्ये सगळे सुटले. त्या बापानं क्षमा कुणाला करायची? कायद्याच्या कागदावर मारणारा कुणी नाहीच. आणि आपली मंडळी ज्या वस्त्यांतून आली, त्यांना क्षमा शिकवायला पाळक कशाला हवा? आपल्या पणज्यांनी गावचा मार मुकाट गिळला. ते गिळणं म्हणजे क्षमा नव्हे. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्या माफीला काय अर्थ?

मामा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले ते ताईला उत्तर नव्हतं, पण मला दिवसभरातलं सगळ्यात मोलाचं वाटलं.

मामा : खरंय. म्हणूनच शापाची स्तोत्रं आहेत. १०९ वं, १३७ वं. आम्ही ती उपासनेत वाचत नाही, लोक दचकतील म्हणून. शत्रूचं वाटोळं होवो, त्याची लेकरं पोरकी होवोत, असलं काहीबाही आहे त्यांत. पण पवित्र शास्त्रातून ती कुणी काढून टाकली नाहीत. म्हणजे देवासमोर राग मांडायची मुभा आहे. गिळलेला राग क्षमा होत नाही, कुजतो. देवापुढं ओकलेला राग तरी हातातल्या कोयत्यापर्यंत पोचत नाही. क्षमेची पहिली पायरी तीच असावी.

ताई : हे मी माझ्या पक्षकारांना सांगू शकते.

मामा : आता तू एक सांग. शिक्षा लागली की त्यांना झोप येते?

ताई : नाही. निकालाच्या दिवशी रडतात, पेढे वाटतात. दोन महिन्यांनी फोन येतो, मॅडम, आता काय करायचं? वर्षानुवर्षं तारखेला जायची सवय, एकदम दिवस रिकामे.

मामा : तेच मी म्हणतो. शांती निकालाला बांधून ठेवली, तर न्यायालय तिलाही पुढची तारीख देणार. ज्याचं माणूस गेलं त्यानं एकतीस वर्षं थांबायचं? क्षमा म्हण किंवा नको म्हणू, पण मारणाऱ्याला आपल्या उशाशी किती रात्री बसू द्यायचं, हे ठरवायचा हक्क ज्याला जखम झाली त्याचा. प्रियांकानं तो वापरला. गुन्हेगाराला भेट द्यायला नव्हती ती गेली. आपल्याला शांत होता यावं म्हणून गेली, असंच तिचं म्हणणं होतं.

ताई : आणि तिथं जाऊन तिनं काय केलं? विचारलं. वडिलांना का मारलं. नलिनीनं सुटल्यावर सांगितलंय की ती रडली आणि तिनं हेच विचारलं. म्हणजे शांतीसाठी गेलेल्या माणसालाही सत्य हवंच होतं.

मामा : मग दुसऱ्या बाजूच्या लेकरांनी कुणाला विचारायचं? ऑक्टोबर १९८७, श्रीलंकेतल्या जाफन्याचं रुग्णालय. राजीव गांधींनीच पाठवलेली आपली शांतिसेना आत शिरली. डॉक्टर मेले, नर्सा मेल्या, खाटेवरचे रोगी मेले. त्यांच्या लेकरांतल्या एखादीनं वेल्लोरसारखी भेट मागितली, तर समोर कोण बसेल?

ताई : त्यानं इथला स्फोट माफ होत नाही.

मामा : मी बॉम्बची बाजू घेत नाही. तुझाच नियम लावतोय. सत्य सगळ्यांच्या वाट्याचं.

चेन्नईकडे परतताना विमानतळाजवळ परंगीमलै दिसते. प्रेषित थोमा याच टेकडीवर भाल्यानं मारला गेला अशी परंपरा. शिष्य भीतीनं दारं लावून बसलेले असताना उठलेला येशू आत येतो, शांती असो म्हणतो आणि लगेच हातावरचे, कुशीवरचे वण दाखवतो. थोमा त्या दिवशी नव्हता; तो म्हणतो, वणांत बोट घातल्याशिवाय मानणार नाही. त्याला शतकानुशतकं संशयी म्हणून हिणवलं गेलं. ताईचं म्हणणं, तो शिष्यांतला एकमेव वकील.

मामा : हिणवलं ते चुकलंच. पण बघ, वण तसेच आहेत. मरणातून उठलेल्या देहावरही ते पुसले नाहीत. शांती असो आणि हा बघ वण, हे एकदमच आलं. आम्ही पाळकांनी पहिलं ठेवलं आणि दुसरं झाकलं.

ताई : आम्ही वकिलांनी वणच धरून ठेवला, मान्य. पण थोमाला पुरावा मागितला म्हणून हाकललं नाही. आठ दिवसांनी का होईना, पुरावा दाखवला.

मामा : आठ दिवसांत! तुझ्या न्यायालयाला सांग.

मी त्यांना संथानचं सांगितलं. सुटकेनंतरही तो मोकळा झाला नव्हता. श्रीलंकेचा नागरिक म्हणून त्रिचीच्या विशेष छावणीत ठेवला होता. घरी जायची परवानगी हाताशी आली आणि २८ फेब्रुवारी २०२४ ला तो चेन्नईच्या सरकारी इस्पितळात यकृताच्या आजारानं वारला. त्या इस्पितळाचं नाव राजीव गांधी शासकीय सार्वजनिक रुग्णालय. मुरुगन आणि आणखी दोघे त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये मायदेशी रवाना झाले.

मामा : ज्याच्या खुनात शिक्षा झाली त्याच्याच नावाच्या छपराखाली औषधपाणी झालं. याला तू काय म्हणशील?

ताई : क्षमा नाही म्हणणार. सरकारी इस्पितळ आहे, रोगी आला, खाट दिली. राज्यानं एवढंच करावं, मामा. क्षमा करू नये, सूड घेऊ नये. खाट द्यावी, वकील द्यावा, अर्जावर सही करावी. आणि वेळेवर करावी.

मामा : अकरा वर्षं अर्ज पडून होता.

ताई : म्हणून तर मी अजून वकिली करते.